दहा बाय बाराच्या खोलीत घुमणारा बेस कसा आवरायचा

अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, कुठेही जा, एखाद्या घराच्या वरच्या खोलीत आता स्टुडिओ निघालेला असतोच. अहिराणी गाण्यांनी यूट्यूबवर बाजार धरला, तशी पोरांनी इंटरफेस (माइक-स्पीकर लॅपटॉपला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर माइक आणि पाच इंची मॉनिटरची, म्हणजे मिक्सिंगच्या स्पीकरची, जोडी घेतली. खोली मात्र तीच राहिली: दहा बाय बारा, विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली फरशी. मी अमळनेरला रेकॉर्डिंग-मिक्सिंग करतो, त्याआधी बरीच वर्षं मंडपाचा साऊंड सांभाळला, म्हणून फोन मला येतात. तक्रार ठरलेली: "दादा, बेस भलता घुमस, स्पीकर बदली टाकू का?"

बदलू नका. आठ इंची आणलेत तर अजून घुमेल. तुमचा स्पीकर जो बेस देतोय तो बहुतेक ठीकच आहे, खोली त्यात आपलं घालतेय. घुमणाऱ्या खोलीत मिक्स करणारा माणूस साहजिकच बेस कापतो. किक ड्रम कापतो, बेस गिटार कापतो, ढोलकीची डावी बाजू तर पार दाबून टाकतो. खोलीत मग सगळं छान वाटतं. तेच गाणं हळदीच्या रात्री डीजेवर लागलं की नुसता गळा आणि टाळ्या. डीजेवाला विचारतो, "गानं मस्त शे भो, पन ढोल कथा गया?" म्हणजे ढोल गेला कुठे?

आधी गच्चीवर जा

एक पैसा खर्च करण्याआधी ही परीक्षा करा. रात्री मॉनिटर, इंटरफेस आणि लॅपटॉप गच्चीवर न्या. कठड्यापासून आणि जिन्याच्या खोलीपासून लांब, मधोमध, खुर्च्यांवर किंवा टेबलावर ठेवा. कीबोर्डवर साधा बेसचा आवाज निवडून खालच्या सप्तकात एकेक सूर सारख्या जोराने वाजवा, साधारण ४० हर्ट्झपासून १३० हर्ट्झपर्यंत. गच्चीवर बेस एकूण थोडा कमी वाटेल, पाच इंची स्पीकर अगदी खालच्या सुरांना दमेलही, पण एक सूर उडी मारतोय आणि शेजारचा गायब, असं होणार नाही. मग तेच सूर खाली खोलीत वाजवा. फरक कानाला लगेच कळतो. मंडपाच्या धंद्यात हेच शिकलो: मोकळ्या मैदानात बेस कमी पडतो म्हणून माणसं रडतात, बंद हॉलमध्ये जास्त होतो म्हणून. पेट्या त्याच असतात.

दहा बाय बाराच्या खोलीत उडी कुठे मारेल ते मी इथे बसून सांगू शकतो. पांढरी सहा, म्हणजे ११० हर्ट्झच्या आसपास. त्याखालोखाल काळी तीन. जादू नाही, भागाकार आहे.

५६५ चा भागाकार

आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लाट नेमकी बसते तो सूर तिथेच येरझाऱ्या घालतो आणि फुगत जातो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यासारखं आहे हे. झोका आपल्या ठेक्याने येतो, त्याच ठेक्यावर बोट लावलं तरी तो उंच जातो. भलत्या वेळी कितीही जोर लावा, जात नाही. खोलीचा ठेका काढायला ११३० च्या निम्म्याला, म्हणजे ५६५ ला, भिंतींमधल्या फुटांनी भागा. त्या आकड्याची दुप्पट, तिप्पट हेही ठेकेच.

बारा फूट लांबी: ४७ हर्ट्झ, पुढचा ९४. दहा फूट रुंदी: ५६, पुढचा ११३. आता उंची मोजा. स्लॅब बहुतेक दहा फुटांवर असतो, म्हणजे पुन्हा ५६ आणि ११३. इथे आपल्याकडच्या खोलीचं दुखणं आहे. रुंदी आणि उंची सारखी असल्याने दोघांचे ठेके एकाच जागी जमा होतात. दहा बाय दहाची खोली असेल आणि स्लॅबही दहावर, तर तिन्ही. अशी खोली स्टुडिओसाठी घेऊच नका, घरात दुसरी कुठलीही असेल तर ती घ्या. पत्र्याची असली तरी चालेल. पत्रा बेस बऱ्यापैकी बाहेर सोडतो, घुमणं कमी होतं. फक्त पाऊस आणि शेजारी या दोन गोष्टींचं बघावं लागतं.

आता जागेचं गणित. हे ठेके खोलीत सगळीकडे सारखे ऐकू येत नाहीत. पहिला ठेका भिंतीपाशी सगळ्यांत मोठा आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ शून्य. दुसरा भिंतीपाशी मोठा, पाव अंतरावर शून्य, मध्यावर पुन्हा मोठा. तुम्ही रुंदीच्या मधोमध बसता, कान जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर. म्हणून तिथे ५६ बसलेला आणि ११३ उठलेला. ढोलकीचा घुमारा आणि बेस गिटारचं अंग बरंचसं याच पट्ट्यात, मग बोंबाबोंब होणारच.

पटत नसेल तर ११३ हर्ट्झचा साइन टोन, म्हणजे एकच शुद्ध सूर, बेताच्या आवाजात लावा आणि खोलीत फिरा. डोकं वाकवा, बसा, उभे राहा, कोपऱ्यात जा. दोन पावलांत आवाज दुप्पट आणि नाहीसा होईल. दरवाजा, खिडकी, भिंतीतलं कपाट यांच्यामुळे तुमच्या खोलीचा खरा आकडा दोन-चार हर्ट्झ इकडेतिकडे निघेल, तेव्हा १०५ ते १२० फिरवून बघा आणि सगळ्यांत जास्त फुगतो तो आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. हा टोन फिरवताना तावदानं, लोखंडी कपाटाचं दार, भांड्यांची मांडणी, काय काय खडखडतं तेही सापडतं. घुमणं समजून लोक ज्याच्या मागे लागतात त्यातलं थोडंफार हे खडखडणंच असतं. त्याला कापडाची घडी पुरते.

टेबल हलवा

सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो आणि हे फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही. आपल्याकडे टेबल कोपऱ्यात असतं, कारण दुसऱ्या बाजूच्या खिडकीला कूलर. कोपरा म्हणजे तिन्ही मापांचे ठेके जिथे सगळ्यांत मोठे होतात ती जागा. स्पीकर तिथे ठेवणं म्हणजे ते ठेके स्वतः जागे करणं.

टेबल दहा फुटी भिंतीच्या मध्यावर आणा, तोंड त्या भिंतीकडे, पाठीमागे खोलीची लांबी. बारा फूट लांबीत कान समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येऊ द्या, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांवर. हा आकडा पुष्कळ जण वापरतात. तो काही अंतिम नाही, पण सुरुवात करायला याहून बरी जागा नाही. मध्यावर, सहा फुटांवर बसलात तर ४७ गायब होईल आणि ९४ चढेल. मागच्या भिंतीला पाठ लावून बसलात तर सगळंच चढेल.

दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून तीन-तीन फुटांवर, म्हणजे एकमेकांत चार फूट. तुमचं डोकं आणि दोन स्पीकर मिळून चार-चार फुटांचा त्रिकोण. स्पीकरचं तोंड समोरच्या भिंतीपासून सव्वा फुटाच्या आत ठेवलंत की हिशोब साडेचारवर बरोबर येतो. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीला. सुतळीने मोजा, नजरेने नको. एक स्पीकर अर्धा फूट इकडे गेला तर डाव्या-उजव्याचा बेस वेगळा होतो आणि मग तो फरक कशाने आला ते शोधत बसाल.

भिंतीजवळ ठेवा म्हटलं की पोरं बिचकतात, कारण त्यांनी उलटं ऐकलेलं असतं: स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढा. मोठ्या खोलीत ते ठीक असेल. छोट्या खोलीत हा सल्ला घात करतो. स्पीकरमागे गेलेला बेस भिंतीवर आपटून परत येतो आणि समोरच्याशी उलटा पडून एक सूर खाऊन टाकतो. कुठला सूर, ते २८२ ला (११३० चा पाव) फुटांनी भागून काढा. तीन फुटांवर ९४ हर्ट्झ, म्हणजे ऐन बेसच्या पोटात खड्डा. सव्वा फुटावर तो खड्डा सव्वादोनशेच्या पुढे जातो, आणि तिथे स्पीकरच्या मागे चार इंच जाडीचं काही लावलं तर तो भरूनही निघतो. भिंतीजवळ ठेवल्याने एकूण बेस वाढतो हे खरं. पण तो बराचसा सरसकट वाढतो, आणि सरसकट वाढलेलं कमी करायला स्पीकरच्या पाठीवर बटण असतं. यामाहाच्या एचएस५ वर रूम कंट्रोल नावाचं बटण शून्य, उणे दोन, उणे चार डेसिबल असं फिरतं; जेबीएलच्या ३०५पी मार्क टू वर त्याच कामाचं बाउंड्री ईक्यू आहे. आपल्या भागातल्या बहुतेक मॉनिटरवर ते बटण खोक्यातून निघालं तेव्हा होतं तिथेच असतं. पाठीमागे पोर्टचं भोक असेल तर मात्र चार-पाच इंच जागा सोडा.

स्पीकरखाली पोकळ टेबल असेल तर तेही वाजतं. मी टेबलावर वीट, तिच्यावर कडाप्प्याचा तुकडा आणि वर जाड रबर असं ठेवतो. दिसायला बरं नाही. स्पीकरखालच्या तिरक्या फोमच्या पॅडने टेबलाचा थरकाप थोडा कमी होतो, खोलीचा ठेका नाही.

जाडी, जाडी, जाडी

टेबल हलवून जे उरतं त्याला जाडी लागते. अंड्यांचे ट्रे बेसला काही करत नाहीत. एक-दोन इंची, शंकूच्या आकाराचा फोमही नाही. तो वरचे सूर खातो, बेस तसाच ठेवतो, त्यामुळे खोली आणखी घुमल्यासारखी वाटते. जळगावची चटई भिंतीला ठोकलेलीही पाहिली आहे. ती जेवायला बसायला उत्तम.

कारण असं. भिंतीला चिकटून हवा हलतच नाही, नुसती दाबली जाते. हवा जोरात हलते ती भिंतीपासून पाव लाट दूर. ११३ हर्ट्झची लाट दहा फुटांची, पाव म्हणजे अडीच फूट. तंतूंमध्ये घासून हवेचा जोर मोडायचा तर तंतू जिथे हवा हलते तिथे हवेत. दोन इंच फोम तिथपर्यंत पोचतच नाही.

हे मला पुस्तकापेक्षा कापसाने जास्त पटवलं. चोपडा तालुक्यातल्या एका पोराने गावच्या घरात स्टुडिओ मांडला होता. भाव नव्हता म्हणून घरच्यांनी वेचलेला कापूस त्याच खोलीत मागच्या भिंतीला छातीएवढा भरून ठेवलेला, चांगला तीन-चार फूट पुढे आलेला. मी मिक्स ऐकायला गेलो आणि थक्क झालो. एवढा स्वच्छ बेस मी घरातल्या खोलीत ऐकला नव्हता. सुरामागून सूर, सगळे सारखे. अंगाला खाज सुटली, साठवलेल्या कापसातल्या किड्यांनी बेजार केलं, पण उठावंसं वाटेना. पुढे कापूस विकला गेला आणि त्याचा फोन आला की स्पीकर खराब झाले.

म्हणून कापूस भरा असं मी सांगणार नाही. त्यात उंदीर होतात, आणि एक ठिणगी पुरते. एक्स्टेन्शन बोर्ड, सोल्डरिंग, देवापुढची उदबत्ती हे सगळं त्याच खोलीत असतं. पण लग्नाकार्यासाठी ठेवलेल्या कापसाच्या गाद्या घरात पडून असतात, त्यांची थप्पी मागच्या दोन कोपऱ्यांत लावा, बोर्डापासून लांब. पिंजाऱ्याकडून नुकत्या पिंजून आणलेल्या फुगलेल्या गाद्या दगड झालेल्या जुन्या गाद्यांपेक्षा चांगलं काम करतात. फुंकर आरपार जाईल इतकं मोकळं हवं.

कायमचं काम करायचं तर रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर. बॉयलर आणि डक्टला लावायचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. धुळे-जळगावच्या एमआयडीसीकडे विचारा. ४८ किंवा ६४ घनतेच्या, दोन इंच जाड, चार बाय दोन फुटांच्या शीट घ्या. ते जळत नाही. दोन शीट एकावर एक ठेवून चार इंच जाडीचं पॅनल, बाजूने साधी लाकडी पट्टी, वरून मांजरपाट, आणि ते कोपऱ्यात तिरकं उभं करायचं, मागे त्रिकोणी पोकळी सोडून. खालपासून स्लॅबपर्यंत एका कोपऱ्याला पाच शीट लागतात. हात सैल असेल तर कोपरा भरीव करा: शीटचे दोन बाय दोनचे चौकोन, चौकोनाचे दोन त्रिकोण, आणि ते त्रिकोण जमिनीपासून स्लॅबपर्यंत रचायचे. त्याला एका कोपऱ्याला पंधरा शीट. हे सगळ्यांत चांगलं, पण मी बहुतेकांना चारही कोपरे पाच-पाच शीटमध्ये करायला सांगतो, एकच कोपरा पंधरात करण्यापेक्षा. त्यानंतर पैसे उरले तर मागची भिंत, आणि डोक्यावर स्लॅबपासून चार-सहा इंच खाली टांगलेलं एक पॅनल. दहा फुटी स्लॅबच्या खोलीत हे छताचं पॅनल विसरू नका, अर्धा ११३ तिथून येतोय.

कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क आणि हातमोजे. उन्हाळ्यात घाम आल्यावर रॉकवूल अंगाला लागलं तर रात्र जाते. कापड निवडताना तोंडाला लावून फुंका. रेक्झिन किंवा प्लास्टिक शीट लावू नका.

मापून घ्या, मग ईक्यू

रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सोबत मापाचा माइक हवा, बेहरिंगर ईसीएम८००० सारखा. फोनचा माइक खालच्या सुरांना विश्वासाचा नाही. माइक कानाच्या जागी स्टँडवर लावा, खुर्ची बाजूला करा, पंखा आणि कूलर बंद. कूलरची घरघर मापात येते, आणि मिक्स करतानाही तीच घरघर खालचे सूर झाकते, म्हणून शेवटचा बेस ठरवताना मी कूलर बंदच ठेवतो. मेमध्ये हे जिवावर येतं. २० ते ३०० हर्ट्झ स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, द्या. डावा वेगळा, उजवा वेगळा, मग दोन्ही. आलेख गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर खड्डे-उंचवटे दिसणारच नाहीत. वॉटरफॉलचा आलेखही बघा: जो सूर थांबल्यावरही रेंगाळत राहतो तोच तुम्हाला घुमणं म्हणून ऐकू येतो.

माइक अर्धा फूट पुढे, अर्धा फूट मागे करून पुन्हा स्वीप घ्या आणि आलेख जिथे जास्त सपाट येईल तिथे खुर्ची सरकवा. रॉकवूलवर खर्च करण्यापेक्षा इथे जास्त मिळू शकतं.

ईक्यू, म्हणजे ठरावीक सुरांचा जोर कमी-जास्त करणारी सोय, सगळ्यांत शेवटी, आणि फक्त उंचवटे कापायला. दोन, फार तर तीन अरुंद कट, २०० हर्ट्झच्या खाली. खड्डा भरायला बूस्ट देऊ नका: तो खड्डा दोन लाटा एकमेकींना खाऊन झालेला असतो. तुम्ही जेवढं वाढवाल तेवढं उलटं येणारंही वाढतं, आणि स्पीकर उगाच दमतो. दुसरं, हे ईक्यू फक्त तुमच्या खुर्चीपुरतं खरं. मागे सोफ्यावर बसलेल्या गायकाला त्याने बेस जास्त खराबही वाटू शकतो; त्याच्या मतावर ११३ ला हात लावू नका, त्याला खुर्चीत बसवा आणि मग विचारा.

ईक्यू मास्टर ट्रॅकवर टाकायचं नाही, नाहीतर ते गाण्यात छापलं जातं. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरिंग एफएक्स अशी वेगळी जागा आहे, तिथे टाकलेलं रेंडर होत नाही. विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे ईक्यूचं सॉफ्टवेअर लावून बसाल आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मात्र एएसआयओवर, म्हणजे विंडोजचा आवाजाचा रस्ता टाळून थेट इंटरफेसशी जोडून, चालत असेल, तर एपीओ त्याला लागतच नाही. फरक कळत नाही म्हणून आकडे वाढवत बसू नका.

आणि आपल्या हवेची एक भानगड. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो. डिसेंबरच्या रात्री खोलीत १८ अंश असताना वेग सेकंदाला साधारण ३४२ मीटर, मेमध्ये ४० अंशांत ३५५ च्या आसपास. चार टक्के फरक. हिवाळ्यात ११३ वर फुगणारी खोली उन्हाळ्यात ११७ च्या आसपास फुगते, आणि तुमचा अरुंद कट रिकाम्या जागी बसलेला राहतो. एसी लावून खोली बारा महिने एकाच तापमानाला ठेवत असाल तर याची काळजी नाही. बाकीच्यांनी कट जरा रुंद ठेवावा, किंवा माझ्यासारखे दोन प्रिसेट करावेत. माझ्या लॅपटॉपवर त्यांची नावं "मे" आणि "पौष" अशी आहेत.